सिरसाट भाऊसाहेब उठत नाहीत

माझ्या मोबाईलमध्ये सिरसाट भाऊसाहेबांचा नंबर अजूनही ‘धारूर – उचलू नये’ या नावानं साठवलेला आहे. एका सकाळी चिडून मी तो तसा ठेवला होता. भाऊसाहेब निवृत्त होऊनही आता बरेच दिवस झाले, पण नाव बदलायला हात धजत नाही. आणि खरं सांगायचं तर ‘उचलू नये’ असं लिहिलेला तो फोन मी दरवेळी उचलायचेच. न उचलून सांगता कुणाला? तो पुन्हा वाजायचा. मग टेबलावरचा फोन वाजायचा. मग आमचा शिपाई येऊन सांगायचा, “मॅडम, धारूरचा फोन हाय, लाल आलंय म्हनतेत.”

मी बीडला एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक टेबल, आवाज करणारा एक पंखा आणि शेजारच्या खोलीत कुलपात ठेवलेला सर्व्हर. संस्थेच्या शाळा जिल्हाभर पसरलेल्या. सगळ्या शाळांतल्या सगळ्या मुलांच्या नोंदी त्या एका सर्व्हरवर. धारूर असो, नांदूरघाट असो की चौसाळा, तिथल्या क्लार्कनं आपल्या जागेवर बसून रिमोटनं या सर्व्हरला जोडून घ्यायचं, मुलाचं नाव काढायचं आणि शाळा सोडल्याचा दाखला तिथल्या तिथं छापायचा. हाती लिहिलेले दाखले संस्थेनं बंदच केले होते. ऐकायला सोयीचं वाटतं.

गोम अशी की संस्थेचे कॉम्प्युटर चौदा आणि सर्व्हरला जोडायची लायसन्स दहा. म्हणजे एका वेळी दहाच माणसं आत. अकरावा आला की त्याच्यासमोर लाल फुलीचा चौकोन आणि इंग्रजीत नकार. आणखी चार लायसन्स घ्या म्हणून मी सचिव साहेबांकडे तीनदा फाईल पाठवली. तिन्ही वेळा ती परत आली. “दहा लई झाले. समदे एकदम बसतेत का कवा?” असं साहेब म्हणाले. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर शिपाई सकाळी नऊला सुरू करून सर्व्हरला जोडून ठेवायचा आणि साहेब यायचे दुपारी एकला. तेही कधी कधी. तोवर त्यांच्या नावाची जागा अडलेली. पण साहेबांना उठवायची माझी छाती नव्हती.

बाकीच्यांना मात्र मी धारेवर धरायचे. माझं म्हणणं साधं होतं. काम झालं की लॉग ऑफ करा. वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून निघून जाऊ नका. फुलीवर दाबलं की तुमच्या समोरची खिडकी बंद होते, पण तुम्ही सर्व्हरवर आत बसलेलेच राहता आणि बाहेर ताटकळणाऱ्याला जागा मिळत नाही. हे मी बैठकीत सांगितलं, परिपत्रक काढून सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चित्रांसह सांगितलं. चौसाळ्याच्या बाई शिकल्या, नांदूरघाटचा क्लार्क शिकला. धारूरचे सिरसाट भाऊसाहेब शिकले नाहीत.

पहिलं वर्षभर मी त्यांना नुसत्या आवाजानं ओळखत होते. सावकाश, मऊ आवाज, मागं शाळेची घंटा किंवा मुलांचा पाढ्यांचा घोष.

“जय भीम ताई. धारूरहून सिरसाट. नकार आलाय.”

ते कधी ‘एरर’ म्हणाले नाहीत. सर्व्हर नकार द्यायचा. मी म्हणायचे, “काय लिहिलंय भाऊसाहेब?” आणि तिथं माझी चूक व्हायची. ते चष्मा लावायचे, त्याचा आवाज मला फोनवर यायचा, आणि मग तो इंग्रजी मजकूर एकेक अक्षर करून वाचायला सुरुवात करायचे. टी, एच, ई, मग जागा, मग आर, ई, एम. स्वल्पविराम सांगायचे. पूर्णविराम सांगायचे. मी मध्येच म्हणायचे, “कळलं, कळलं, लायसन्स नाही म्हणतोय.” त्यावर शांतपणे, “पूर्ण वाचू द्या ताई. अर्धा कागद वाचून शेरा मारू न्हाई.” आणि शेवटी, सगळं वाचून झाल्यावर, “खाली एक ओके हाय. त्याच्या भवती चौकट हाय.”

हे सगळं ते आवक रजिस्टरला चढवायचे. शाळेत येणाऱ्या टपालाची नोंद करायचं ते लांबडं रजिस्टर, त्यात शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या पत्राखाली ओळ असायची, ‘सर्व्हरचा नकार, सकाळी ९.१०, तोंडी कळविले.’ मग जावक रजिस्टरला नंबर पडायचा आणि मला अर्ज यायचा. खरोखरचा अर्ज, कागदावर, टपालानं. ‘विषय : सर्व्हरवर कायम जागा मिळणेबाबत. संदर्भ : आपले दूरध्वनीवरील बोलणे.’ अक्षर असं की ओळीखाली पट्टी धरल्यासारखं. ‘उपरोक्त विषयी नम्र विनंती की, धारूर शाखेस सकाळी नऊ ते साडेदहा या वेळेत एक जागा राखीव असावी.’ असे सात अर्ज माझ्या खणात पडून होते. मी एकही शेवटपर्यंत वाचला नव्हता. ‘उपरोक्त’ आलं की माझं डोकं फिरायचं.

पासवर्डची तऱ्हा आणखी निराळी. दर दीड महिन्यानं पासवर्ड बदला आणि तो गुप्त ठेवा, असं मीच सांगितलं होतं. गुप्त ठेवायची त्यांची एकच पद्धत त्यांना ठाऊक होती, परीक्षेच्या पेपरची. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पाकिटात, पाकिटाला लाख, लाखेवर शाळेचा शिक्का, आणि पाकीट कपाटात. फोडायचं झालं की दोन साक्षीदारांसमोर फोडायचं आणि ‘पाकीट सीलबंद व सुस्थितीत आढळले’ अशी त्यांची सही घ्यायची. हे मला कळलं ते एकदा इंटरनेट गेलं तेव्हा. सगळ्या शाखा पाच मिनिटांत पुन्हा जोडल्या गेल्या, धारूर काही येईना. फोन केला तर म्हणाले, “एक साक्षीदार मिळाला ताई. दुसरे गुरुजी तासावर हायेत.”

मी कपाळाला हात लावला. “अहो, पाठ करा ना पासवर्ड!”

“पाठ हायच की. पन पाठ हाय म्हून पाकीट न फोडता बसलं, तर पाकिटाला काय अर्थ ऱ्हायला?”

मला तेव्हा वाटलं, म्हणूनच हा माणूस लॉग ऑफ करत नाही. एकदा उठलं की पुन्हा बसायला पंचनामा करावा लागतो. तसं मी सचिव साहेबांना सांगितलंही आणि आम्ही दोघं खूप हसलो. ते हसणं आज आठवलं की मला कसंसंच होतं.

शेवटी मी स्वतः धारूरला गेले असं नाही, मला पाठवलं गेलं. “तुमी जाऊन शिकवून या एकदाच,” साहेब म्हणाले. घाट चढून गाडी धारूरला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. शाळा शांत होती, तास चालू होते. कार्यालयात एक बारीक, उंच माणूस उभं राहून टेबल पुसत होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल, आणि चष्मा दोरीनं गळ्यात. चपला दाराबाहेर. कॉम्प्युटर असलेल्या खोलीत ते चपला घालून कधी जात नसत. कॉम्प्युटरला फुलाफुलांचा शिवलेला झगा, तो त्यांच्या बायकोनं शिवलेला. टेबलाच्या कडेला एक लाकडी बाक होता आणि बाकावर कुणाचा तरी विसरलेला भाकरीचा फडका. तो कुणाचा, हे मी विचारलं नाही.

मी त्यांना लॉग ऑफ शिकवलं. खाली डावीकडे जा, दाबा. आपलं नाव दिसेल, त्यावर जा. साइन आउट दिसेल, ते दाबा. भाऊसाहेबांनी वहीत पायऱ्या लिहून घेतल्या, लाल पेनानं क्रमांक टाकले, मला वाचून दाखवल्या. बाण त्यांच्या हातात थरथरायचा, भलतीकडंच जायचा. तीनदा करून घेतलं. चहा आला. चहा पिता पिता ते म्हणाले, “ताई, एक बोलू का? आपन एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो. कावून टाकतो? मागून चढनाऱ्याला जागा मिळावी म्हून. तसं हे. जागा धरून ठिवावी लागती.”

“भाऊसाहेब,” मी म्हणाले, “हा सर्व्हर आहे. एसटी नाही.”

“हां,” ते म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

त्यानंतर त्यांनी मला घाटापर्यंत निरोप द्यायला माणूस देऊ केला, बायकोनं केलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी उघडली तर पहिलं नाव सिरसाट. रात्रभर आत.

आता माझं डोकं फिरलं. मी सर्व्हरला नियम घालून दिला. वीस मिनिटं कुणी काहीच हालचाल केली नाही, तर सर्व्हरनं आपण होऊन त्याला बाहेर काढायचं. मुख्य कार्यालयाची खाती तेवढी त्यातून वगळली, म्हणजे साहेबांचं आणि माझी. शाखांना नियम, आम्हाला सूट. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. शिवाय रोज संध्याकाळी पाचला आत बसलेल्यांची यादी ग्रुपवर टाकायला सुरुवात केली, गुन्हेगाराच्या नावाभोवती लाल वर्तुळ. लोक लाजेकाजेनं सुधारले. यादीत एकच लाल वर्तुळ कायम राहिलं आणि त्याखाली रोज एकच उत्तर यायचं, ‘नोंद घेतली. – सिरसाट.’

पण वीस मिनिटांचा नियम त्यांना लागू का होईना, हे मला कळेना. माणूस चोवीस तास हालचाल करतोच कसा? शेवटी एका सकाळी मी त्यांचा पडदा माझ्याकडे उघडून बघितला. कुठल्या तरी मुलाच्या नोंदीतला ‘शेरा’ हा रकाना उघडा होता आणि त्यात टिमटिमणारी रेघ आपोआप उजवीकडे पळत होती. ओळ संपली की खालच्या ओळीवर. कोरीच्या कोरी. मी फोन लावला.

“भाऊसाहेब, कीबोर्डवर काय ठेवलंय?”

कागद सरकवल्याचा आवाज. मग, “पेपरवेट.”

“का?”

“तुमचा सर्व्हर हालचाल बघतो म्हनले ना तुमी. मी हालचाल ठिवली.”

त्या मुलाचा दाखला पुढं छापायला घेतला तेव्हा एका पानाऐवजी सदतीस पानं निघाली. पहिल्यावर नाव आणि जन्मतारीख, शेवटच्यावर मुख्याध्यापकांच्या सहीची जागा, मधली सगळी पांढरी. दुसऱ्या कुणी ती गुपचूप फाडून टाकली असती. भाऊसाहेबांनी प्रत्येक पानावर ‘हे पान कोरे आहे’ असं लिहिलं, खाली सही केली, आणि गठ्ठा स्पष्टीकरणासह मला पाठवून दिला. मी तो टेबलावर आपटला. वरून उडालेली धूळ सचिव साहेबांच्या चहात पडली असती तर बरं झालं असतं, असंही तेव्हा मनात आलं, कारण त्याच दिवशी साहेबांनी माझी चौथी फाईल परत केली होती.

मग आला तो सोमवार. दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेश चालू झालेले. सकाळपासून सगळ्या शाखांचे फोन, जागा नाही, जागा नाही. दहाला मी यादी उघडली. पहिलं नाव सिरसाट. आणि त्या क्षणी माझा तोल गेला. मी शाखांची सगळी नावं एकदम निवडली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. म्हटलं, होऊ दे एकदा पाटी कोरी. ज्याला खरंच काम आहे तो येईल परत.

एका मिनिटात दहा जागा भरल्या. त्यांत धारूर नव्हतं. आणि फोन वाजला.

“ताई, मला आत घ्या.” ‘जय भीम’ नाही, नाव नाही. “पाकीट फोडून बसलो तवर समद्या जागा गेल्या. मला आत घ्या.”

“थोडं थांबा भाऊसाहेब. सगळे कामात आहेत.”

“थांबायला टाइम न्हाई.” त्या माणसाचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. “माझ्यापुढं सारिका बसलीय. वरच्या वाडीची. तिचं नर्सिंगला नाव लागलंय संभाजीनगरला, आज शेवटचा दिवस, पाचला खिडकी बंद. टीसी मूळ पायजे. तिकडं जानारी साडेधाची गाडी गेली की पाचच्या आत पोचनं व्हत न्हाई. मी नाव टाइप करीत व्हतो आन तुमी मला हाकललं.”

“मग तिला आधी नाही का बोलवायचं? शेवटच्या दिवशी कशाला—”

“शुक्रवारी आलती की. तवा तुमचा सर्व्हर दिवसभर बंद व्हता.”

बंद होता. शाखांसाठी मीच बंद ठेवला होता, दुरुस्तीला. मग ते एका दमात बोलले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. वाड्यांवरून खाली धारूरला सकाळी एकच गाडी येते, नऊला. तीही साडेदहालाच परत वर जाते. मग थेट संध्याकाळी. दाखल्याला येणारी माणसं त्या नऊच्या गाडीनं येतात, बाकावर बसतात, आणि साडेदहाला कागद हातात पडला नाही तर त्यांचा दिवस जातो, रोज बुडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि नेमकं नऊ ते साडेदहा हीच सर्व्हरवर गर्दीची वेळ. “म्हून मी उठत न्हाई ताई. उठलो का माझी जागा जाती. माझी कशाची, बाकावरल्यांची जाती.”

बाकावरचा भाकरीचा फडका मला तेव्हा आठवला. सातही अर्जांत नऊ ते साडेदहा असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

घड्याळात सव्वादहा होत आले होते. मी यादीवरून डोळे फिरवले. सगळ्या शाखा खरंच कामात होत्या, रेघा हलत होत्या. साहेबांचं नाव होतं, आणि साहेब अजून घरी अंघोळीला गेले असतील. एका बोटाचं काम होतं. माझं बोट तिथं गेलं आणि थांबलं. हे लिहायला लाज वाटते, पण थांबलं.

“भाऊसाहेब, कुणालाच उठवता येत नाहीये हो,” मी म्हणाले.

“ती चाचणी उठवा ना मग.”

“कोण चाचणी?”

“तुमच्या यादीत हाय. शेवटल्या नंबरला. पैल्या यादीपसून रोज हाय. मी संस्थेचं मस्टर काढून बघितलं, चाचणी नावाचं कुनी नोकरीला न्हाई. बदलीवर न्हाई, रजेवर न्हाई, रोजंदारीवर न्हाई. तरी ती बसून हाय. कवा उठली न्हाई.”

मी खाली बघितलं. दहावं नाव. चाचणी.

ती मी होते. सर्व्हर नवा आला तेव्हा सगळं नीट चालतंय का बघायला मी ‘चाचणी’ नावाचं एक खातं काढलं होतं, घरच्या लॅपटॉपवरून आत गेले होते आणि बघून झाल्यावर खिडकी बंद केली होती. वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून. वीस मिनिटांच्या नियमातून माझी खाती मीच वगळलेली. रोज पाचला मी यादी टाकत होते, लोकांच्या नावांभोवती लाल वर्तुळं काढत होते आणि माझ्या स्वतःच्या नावावरून माझी नजर घसरून जात होती. दहांतली एक जागा मी अडवून बसले होते, आणि त्या जागेवर बसून मी जिल्हाभर लोकांना उठायला शिकवत हिंडत होते.

मी चाचणीला बाहेर काढलं. “आलो आत,” भाऊसाहेब म्हणाले आणि फोन तसाच टेबलावर ठेवला गेला. मला किल्ल्या दाबल्याचा आवाज येत होता, दोन बोटांनी, पण सरळ, न अडखळता. मग प्रिंटरची घरघर. मग, “सही घ्या सरांची, पळा.” मग एका मुलीच्या चपलांचा पळत जाणारा आवाज आणि मागून भाऊसाहेबांची हाक, “सारिके, पैल्यांदा रुमाल टाक, मग पिशवी दे!”

ते फोनवर परत आले तेव्हा धापा टाकत होते. “मिळंल गाडी. पाच मिनिटं हायेत.”

मी विचारलं, “चाचणीचं तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“चार म्हैने झाले आसतील.”

“मग बोलला का नाहीत? रोज तुमच्या नावाला लाल करत होते मी. ग्रुपवर एकदा लिहायचं होतं.”

“तुमच्या घरच्या लॅपटापचं नावबी व्हतं की त्या यादीत, बारीक अक्षरात. मी पूर्न वाचतो यादी.” मग ते म्हणाले, “मला वाटलं, ताईचीबी कुठली तरी गाडी आसंल. उगंच कोन कशाला जागा धरून बसंल?”

माझी कुठलीच गाडी नव्हती. मी कुणासाठीच ती जागा धरलेली नव्हती.

संध्याकाळी पाचला मी ग्रुपवर यादीच्या जागी दोन ओळी लिहिल्या, की चाचणी हे खातं माझं होतं आणि चूक माझी होती. फक्त एक उत्तर आलं, ‘नोंद घेतली. – सिरसाट.’ आणि त्याखाली, पाच मिनिटांनी, ‘सारिका चार वाजता पोहोचली. प्रवेश झाला.’

म्हणून पुढं सगळं गोड झालं असं समजू नका. त्यानंतरही भाऊसाहेबांनी मला छळायचं सोडलं नाही. नकार अक्षर-अक्षर वाचून दाखवले, पाकिटं फोडली, लाख कमी पडली म्हणून माझ्याकडे लाखेची मागणी केली. मीही ओरडायची राहिले नाही. एवढाच फरक पडला की त्यांच्या नावाभोवती लाल वर्तुळ काढायचं मी बंद केलं आणि वीस मिनिटांच्या नियमातून धारूरला वगळलं. पेपरवेट कागदांवर परत गेला. पण चौदा कॉम्प्युटर आणि दहा जागा हे तसंच राहिलं, आणि साहेबांचा कॉम्प्युटर सकाळी नऊपासून रिकामा बसून राहिला. मी रोज ते नाव बघायचे आणि रोज पुढं जायचे.

महिनाअखेरीला भाऊसाहेब निवृत्त झाले त्या दिवशी शाळेत दुपारी कार्यक्रम होता, शाल-श्रीफळ वगैरे. मला बीडहून निघता आलं नाही. पावणेअकराला ‘धारूर – उचलू नये’ वाजला.

“जय भीम ताई. गाडी गेली आत्ता. आजचे तीन व्हते, तिन्ही झाले.” मग घसा साफ करून, “आज मला उठावं लागतंय. ते कसं उठायचं, तेवढं एकदा सांगा.”

मी त्यांचा पडदा माझ्याकडे उघडला. तिसऱ्या दाखल्याचा फॉर्म तेवढा उघडा होता, शेऱ्याच्या रकान्यात एकही जादा जागा नव्हती.

“खाली डावीकडे जा,” मी म्हणाले. बाण आधीच तिथं जाऊन थांबला होता.

“दाबा. आता तुमचं नाव दिसेल.” माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बाण नावावर. थरथर नाही, भलतीकडं जाणं नाही. धारूरच्या त्या दुपारी मी तीनदा करून घेतलं होतं आणि तिन्ही वेळा हा माणूस चुकला होता. मी ओठ चावला.

“आता साइन आउट.” बाण त्या अक्षरांवर गेला आणि तिथं थांबला. दाबलं गेलं नाही.

“ताई, माझ्या मागं ही जागा कुनाची?”

मी यादी उघडली. दहा नावं. पहिलं सिरसाट, चौथं सचिव साहेब. ते त्या दिवशी मुंबईला होते आणि त्यांचा कॉम्प्युटर नऊ वाजल्यापासून कुणाची तरी वाट बघत होता. मी त्या नावावर बोट नेलं आणि या खेपेला थांबले नाही. मग सर्व्हरला नवा नियम लावला.

“धारूरचीच,” मी म्हणाले. “उद्यापासून मुख्य कार्यालयातल्या कुणालाही साडेदहाच्या आत जागा नाही. फक्त शाखांना. आणि त्यांतली एक धारूरला राखीव.”

“साहेबांनाबी न्हाई?”

“साहेबांनाही नाही. आल्यावर ओरडले तर ऐकून घेईन. तुमच्याकडून शिकलेय.”

“लेखी देताल?”

“देते. आवक नंबर टाकून ठेवा.”

रजिस्टर ओढल्याचा आवाज आला. पेनाचं टोपण निघालं. बाण साइन आउटवर तसाच उभा. मग पेन खाली ठेवल्याचा आवाज आला आणि माझ्या पडद्यावरचा धारूरचा फॉर्म मिटला. यादीतलं पहिलं नाव नाहीसं झालं. एवढ्या दिवसांत ती ओळ भाऊसाहेबांनी आपण होऊन रिकामी केलेली मी कधी बघितली नव्हती.

“उठलो का मी, ताई?”

“उठलात, भाऊसाहेब,” मी म्हणाले, आणि तेवढ्यात त्या ओळीवर नांदूरघाटचं नाव येऊन बसलं.